कोणते इंजिन किती डिझेल पिते?



ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण टेम्पो चालवतात. कुणी भिवंडीच्या गोदामांतून माल उचलतो, कुणी कल्याणच्या बाजार समितीतून भाजी, तर कुणी डोंबिवली एमआयडीसीत फेऱ्या मारतो. दुसऱ्याच्या गाडीवर पाच-सात वर्षे काढल्यावर स्वतःची गाडी असावी असे वाटणे साहजिक आहे. जुनी गाडी दाखवणारा दलाल मात्र एकच मंत्र म्हणतो, "ॲव्हरेज झकास आहे!" त्या एका शब्दावर घरातले दागिने गहाण पडतात आणि हप्ते सुरू होतात. म्हणून या वेळी आम्ही डिझेल इंजिनाचाच हिशेब मांडत आहोत.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ मध्ये जर्मनीत चाचणी झाली, तेव्हा त्याने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामाला लावली. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिने याच्या निम्म्यालाही पोचत नसत. उष्णता कामाला किती लागते आणि वाया किती जाते, हाच प्रश्न आजही आहे.

पहिला फरक पडतो तो फवारा कुठे पडतो यावरून. जुन्या मॅटाडोर-ट्रॅक्समधील मर्सिडीज जातीचे किंवा महिंद्रा जीपमधील प्यूजो इंजिन घ्या. त्यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटते आणि तिथून जाळ अरुंद वाटेने पिस्टनवर येतो. असे इंजिन आवाज कमी करते, पण बरीच उष्णता त्या खोलीच्या भिंतींतून पाण्यात जाते. थंडीत सुरू करायला हीटर प्लगही लागतो. दुसऱ्या प्रकारात फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावरील खड्ड्यात पडतो. गाडीवर 'डीआय' अशी अक्षरे असतात, त्यांचा अर्थ हाच. हे इंजिन टकटक जास्त करते, पण त्याच कामाला साधारण १० ते १५ टक्के डिझेल कमी घेते. रोज १० लिटर लागत असेल आणि त्यातले एकच लिटर वाचले, तरी महिन्याच्या २५ दिवसांत २५ लिटर होतात. लिटरला ९० रुपये धरले तर २,२५० रुपये! मुलांच्या शिकवणीची फी यातून निघू शकते.

टर्बो वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा भरतो. त्यामुळे लहान इंजिन मोठ्याचे काम करते. मुंब्रा बायपासच्या चढावर भरलेल्या गाडीला त्याचा उपयोग होतो. चढ संपताच मात्र इंजिन लगेच बंद करू नये. मिनिटभर सावकाश चालू द्यावे, नाहीतर टर्बोतले तेल जळते.

कॉमन रेल पद्धत मोटारगाड्यांत १९९७ पासून आली. यात डिझेल हजार बारहून अधिक दाबाने, संगणकाने ठरवलेल्या क्षणी सुटते. जळण चांगले होते, धूर कमी होतो. पण डिझेलमध्ये पाणी किंवा भेसळ असेल तर नोझल खराब होतात आणि तो खर्च मोठा असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून अशा गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आली. शीळफाट्याच्या कोंडीत रोज रखडणाऱ्या गाडीची जाळी लवकर भरते आणि ती जाळून साफ करायला जादा डिझेल लागते.

पण केवळ इंजिनाच्या जातीवर जाऊ नका. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे इंजिन दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे आणि आतल्या खोलीचे, म्हणजे जुन्या पद्धतीचेच होते. तरी गाडी लहान म्हणून डिझेल कमी लागे. खरा हिशेब मालाचा आहे. समजा, छोटा टेम्पो पाऊण टन माल घेऊन लिटरला १६ किलोमीटर जातो. म्हणजे एका लिटरमध्ये एक टन माल १२ किलोमीटर गेला. मोठी गाडी अडीच टन घेऊन ८ किलोमीटरच जाते, पण तिचा हिशेब २० येतो! त्याच मोठ्या गाडीत पाऊण टनच माल असेल, तर लिटरला ९ किलोमीटर धरले तरी हिशेब सातच्याही आत येतो. तेव्हा आधी विचारा : आपल्याला रोज किती माल मिळतो, आणि परतीची फेरी भरलेली असते की रिकामी?

ॲव्हरेज स्वतः मोजा. टाकी तोंडापर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच भरा. चालवलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, चार टाक्यांची सरासरी काढा. ही वही घरातल्या भगिनीने किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीने ठेवावी. गाडी चालवून थकलेल्या माणसाकडून ती राहून जाते. आकडा एकाएकी उतरला तर चाकांतली हवा, एअर फिल्टर आणि नोझल, या क्रमाने बघावे. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल, अर्थात आपलेच पैसे.

जुनी गाडी घेताना दलालाकडे दोन दिवस माल भरून चालवून पाहण्याची मागणी करा. तो नाही म्हणाला तर दागिने कपाटातच राहू द्या आणि दुसरी गाडी बघा.