स्टॉकहोमचा निवाडा

स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार १९९८ साली पंडित रविशंकरांना मिळाला, तो रास्तच होता. पंडित भीमसेन जोशी मात्र त्या सन्मानाविना २०११ साली निवर्तले. त्यावरून आम्ही आर. के. पुरमवासी मराठी मंडळी स्टॉकहोमच्या नावाने बोटे मोडतो. हा निव्वळ कांगावा होय. १९५३ साली भीमसेनांनी पुण्यात गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तो काय परदेशी परीक्षकांना विचारून? त्यास मोठेपण दिले ते रात्र रात्र बैठक न मोडणाऱ्या श्रोत्यांनी. बदलीच्या गावी आम्ही सारे बाडबिस्तरे नेतो. तंबोरा तेवढा मागे राहतो. मुलांच्या कानी ख्याल पडत नाही, आणि निवाडा मात्र परक्यांनी द्यावा! आमचेच कान तयार नसतील, तर स्टॉकहोमच्या पदकाने आम्हांस गाणे थोडेच कळणार आहे?