फोन चालू, सेवा बंद

जून २०२४ च्या अखेरीस जिओफोनच्या ॲप-स्टोअरमधून व्हॉट्सॲप काढलं गेलं. ज्यांच्या फोनमध्ये ते आधीपासून होतं, त्यांचंही २०२५ च्या सुरुवातीला बंद पडलं. फोनला काहीच झालेलं नव्हतं. बॅटरी टिकत होती, रेंज येत होती. कंपनी आणि गिऱ्हाइकातला खासगी व्यवहार म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. त्यात नागरिकांच्या हक्काचा भाग आहे, म्हणून हे मुद्दे.

१. हा फोन उभा कशावर होता, ते आधी पाहू. जुलै २०१७ मध्ये रिलायन्सने १,५०० रुपयांच्या परतीच्या अनामतीवर बटणांचा ४जी फोन जाहीर केला. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली. फायरफॉक्स ओएस २०१४ मध्ये इंटेक्सच्या १,९९९ रुपयांच्या फोनमधून भारतात आली आणि पुढच्याच वर्षी मोझिलाने फोनसाठी ती थांबवत असल्याचं सांगितलं. म्हणजे मूळ घराने सोडून दिलेली प्रणाली दुसऱ्यांनी उचलून चालवली. सुरुवात उमेदीची होती. २०१८ मध्ये गूगलने कायओएसमध्ये २.२ कोटी डॉलर गुंतवले, सप्टेंबरमध्ये व्हॉट्सॲपही आलं. घरच्यांचे फोटो पहिल्यांदाच स्वतःच्या फोनवर पाहणारे कितीतरी लोक त्या वर्षी या देशात होते.

२. ‘वापरणारे कमी, म्हणून सॉफ्टवेअर मिळत नाही’ हे कारण इथे लागू पडत नाही. दहा कोटींहून अधिक जिओफोन लोकांच्या हाती गेल्याचं खुद्द कंपनीने सांगितलं आहे. अनेक देशांची लोकसंख्याही एवढी नाही. तरीही ही प्रणाली किरकोळच राहिली, कारण तिच्या वापरकर्त्याकडे खर्चायला पैसे नव्हते. जाहिरातदाराला तो नको, म्हणून ॲप बनवणाऱ्यालाही नको. विंडोज फोनचा आधार २०१९-२० मध्ये संपला, ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला थांबल्या. त्यांचे बहुतेक मालक दुसरा फोन घेऊन मोकळे झाले. जिओफोनवाल्याला तसं करता येत नाही, कारण दुसरा फोन परवडत नाही म्हणूनच त्याने हा घेतला होता.

३. खरी अडचण एका ॲपपुरती नाही, ती ब्राउझरच्या इंजिनात आहे. कायओएसवरची ॲप्स म्हणजे मुळात वेबपानंच. जिओफोनमधलं इंजिन गेको ४८, म्हणजे २०१६ चं. त्यानंतर जगभरातल्या वेबसाइट नव्या पद्धतीने लिहिल्या जाऊ लागल्या आणि जुन्या इंजिनाला त्यातलं बरंच काही वाचता येईनासं झालं. पान अर्धवट उघडतं, बटण दाबलं जात नाही. पुढे कायओएस ३ मध्ये नवं इंजिन आलं, पण ते नव्या फोनसाठी. आधी विकलेल्या फोनपर्यंत ते पोचलंच नाही. ५१२ एमबी रॅममध्ये ते नीट चाललं असतं का, ही शंका रास्त आहे. सुरक्षेची दुरुस्ती थांबलेल्या फोनवर खासगी संदेश आणि पैशांचे व्यवहार चालू ठेवणं धोक्याचं, हेही मान्य. मग ही मर्यादा विकतानाच सांगायला हवी होती.

४. आता सरकारकडे येऊ. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतः ई-पीक पाहणी ॲपवर पिकाची नोंद करायची आहे. तीच नोंद सातबाऱ्यावर चढते. नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी या वेळी तीच बघितली जाते. पिकाचा फोटो शेतात उभं राहून काढायचा, म्हणून स्मार्टफोन लागतोच. बटणांचा फोन असलेला शेतकरी शेजाऱ्याच्या पोराला विनवतो. आता मदतीला सहायक नेमले जातात, हे चांगलंच आहे; पण त्यांच्या सवडीची वाट बघणं शेतकऱ्याच्या नशिबी राहतंच. मनरेगाची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर सक्तीची झाली. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लशीसाठी को-विनवर ऑनलाइन नोंदणीची अट होती, तेव्हा फोन आणि इंटरनेट नसलेल्यांचं काय, असं सर्वोच्च न्यायालयाने विचारलं होतं. पुढे केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करायची सोय झाली. अट सैल करता येते, हे तेव्हा दिसलंच.

५. मनात आणलं तर जमतं, याचे आणखी दाखले आहेत. आरोग्य सेतू एप्रिल २०२० मध्ये आलं, मे महिन्यात ते जिओफोनवरही आलं, आणि इतरांसाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची सोय झाली. ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे सुरू केलं: फोन लावायचा, सूचना ऐकायच्या, आकडे दाबायचे, पैसे पोचले. त्याला ना ॲप लागतं ना इंटरनेट. पीक नोंदणीला फोटो लागतो, तिथे हा मार्ग पुरणार नाही. पण अर्जाची स्थिती, हप्ता जमा झाला की नाही, तक्रार, मुदतीची आठवण यांतलं काहीही ॲपशिवाय अडू नये.

६. फोन किती वर्षं सांभाळला जाईल, हे खोक्यावर छापलेलं असलं पाहिजे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे जाहीर करणं उत्पादकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टलही काढलं. त्या हक्कात पडदा आणि बॅटरीबरोबर सॉफ्टवेअरही धरलं पाहिजे. दिलेल्या मुदतीआधी आधार काढला, तर विकणाऱ्याने फोन परत घेऊन पैसे द्यावेत.

७. ‘मग स्वस्त स्मार्टफोन घ्या ना!’ हा सल्ला सहज दिला जातो. २०२१ मध्ये आलेल्या जिओफोन नेक्स्टची किंमत ६,४९९ रुपये होती, म्हणजे जुन्या अनामतीच्या चौपटीहून जास्त. आणि स्वस्त अँड्रॉइडचे अपडेटही लवकरच थांबतात.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. गावात बटणांचे फोन किती घरांत आहेत ते मोजा, कोणती सरकारी कामं त्यावर होत नाहीत याची यादी करा आणि ठरावासोबत ती तहसीलदारांकडे पाठवा.