आधी शेजार, मग घर

रोजा धरून भाड्याचे घर शोधायची वेळ कोणावरही येऊ नये. एजंटच्या मागे उन्हात फिरायचे, जिने चढायचे-उतरायचे आणि मगरीबच्या सुमारास कोणाच्या तरी ओळखीने इफ्तारला बसायचे. तरीही शिक्षण, नोकरी, व्यापार यांच्या निमित्ताने परदेशी गेलेल्यांवर ती येतेच. उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला पोचलेल्या मुस्लिम कुटुंबाला पहिला सल्ला ठरलेला मिळतो : ‘मशिदीजवळ घर बघा, बाकी सगळे जमते.’ सल्ला मायेचा आहे, पण अर्धाच आहे.

चियांग माई हे आपल्या प्रांताचे मुख्य ठिकाण. राजा मंगराय याने 1296 मध्ये वसवलेले, खंदकाने वेढलेले चौकोनी जुने शहर, पूर्वेला पिंग नदी, पश्चिमेला सुथेप डोंगर. अक्षांश जवळपास पुण्याचाच, त्यामुळे रोजाही साधारण पुण्याइतकाच लांब. देश बौद्ध बहुसंख्येचा आणि शहर विहारांचे. तरी इथे मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि तेही एका वंशाचे नाहीत.

रात्रबाजाराला लागून असलेल्या गल्लीत बान हॉ मशीद आहे. तिथली वस्ती मुळात चीनच्या युनान प्रांतातून आलेल्या मुसलमानांची. त्यांचे पूर्वज खेचरांचे तांडे घेऊन व्यापार करत. 1856 ते 1873 या काळात युनानमधला मुस्लिम उठाव चीनच्या बादशाही फौजेने मोडून काढला, तेव्हा अनेकांना दक्षिणेकडे पळावे लागले. या गल्लीत हलाल ‘खाओ सोय’ मिळते. नारळाच्या दुधातल्या रश्शात शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, सोबत मोहरीच्या पाल्याचे लोणचे आणि लिंबू. शुक्रवारी सकाळी जवळच युनानी लोकांचा बाजार भरतो. त्यात मुसलमानांइतकेच बौद्ध आणि डोंगरी जमातींचे लोक खरेदीला येतात. शहराच्या दक्षिण भागात चांग ख्लान मशीद आहे, ती भारतीय उपखंडातून आलेल्यांच्या वंशजांची. उत्तरेला चांग फुअक भागात आणि नदीपलीकडे सान पा खोयलाही मशिदी आहेत. म्हणजे ‘मशिदीजवळ’ म्हटले तरी कोणत्या मशिदीजवळ, हा प्रश्न उरतोच.

बान हॉची गल्ली पहिल्या नजरेत मन जिंकते. तरावीहला पायी जाता येते, इफ्तारला खजूर-सरबत पुढे येते आणि मुलांना एकटे वाटत नाही. नव्या गावात आलेल्या बाईला शेजारणीकडे मीठ मागता येणे ही लहान गोष्ट नाही. पण हा भाग नदीकाठचा आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये पिंग नदी नवरात पुलापाशी पाच मीटरच्या वर गेली, तेव्हा रात्रबाजार आणि चांग ख्लानच्या रस्त्यांवर पाणी आले. तळमजल्यावर स्वस्त खोली मिळत असेल तर ती स्वस्त का, हे विचारायला हवे. भिंतीवरची पाण्याची खूण कोणताही एजंट आपणहून दाखवत नाही. ती आपणच शोधायची, नाहीतर समोरच्या दुकानदाराला विचारायची.

दुसरी गोष्ट धुराची. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत शेतातला पालापाचोळा आणि डोंगरावरची जंगले जळतात, आणि डोंगरांनी घेरलेल्या या खोऱ्यात धूर साचून राहतो. या वर्षांत रमजान नेमका याच महिन्यांत येतो आहे. दिवसभर घोटभर पाणी न पिणाऱ्याच्या घशाला हा धूर जास्त लागतो. मग घराच्या खिडक्या नीट बसतात का, खोलीत हवा शुद्ध करणारे यंत्र लावता येईल का, दम्याचा त्रास असलेल्या आजोबांना मशिदीपर्यंत किती चालावे लागेल, हे प्रश्न चैनीचे राहत नाहीत.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघराची. तिथल्या भाड्याच्या कित्येक खोल्यांत स्वयंपाकाची सोयच नसते, कारण लोक बाहेरच खातात. दुपारी ते चालते, सहरीला नाही. पहाटे साडेचारला हलाल खाणावळ उघडी सापडेल याचा भरवसा धरता येत नाही. चोवीस तास चालणाऱ्या दुकानात हलाल शिक्क्याचे दूध, पाव, बिस्किटे सहज मिळतात, पण महिनाभर बिस्किटांवर रोजा निघत नाही. निम्मानसारख्या विद्यापीठाजवळच्या झगमगीत भागात कॅफे पुष्कळ, भाडेही तसेच चढे, आणि चहाची किटली ठेवायला कोपरा नाही, अशी खोली पदरात पडू शकते. त्यापेक्षा जुन्या शहराच्या वायव्येला असलेल्या सांतिथामच्या साध्या गल्ल्यांत तेवढ्याच पैशांत मोठी जागा मिळते. तिथून चांग फुअकची मशीद स्कूटीने जवळच, आणि नदी लांब राहते.

कागदपत्रांचेही पाहावे. साधारणपणे दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे आगाऊ भाडे मागतात. करार थाई भाषेत असतो, तो कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा. अनेक इमारतींत विजेचे युनिट सरकारी दरापेक्षा महाग लावतात, तो दर सही करण्यापूर्वी विचारावा. परदेशी भाडेकरू आल्याची खबर घरमालकाने चोवीस तासांत इमिग्रेशन खात्याला द्यायची असते. हे करायला टाळाटाळ करणारा मालक कितीही गोड बोलला तरी त्याचे घर घेऊ नये.

एवढे सगळे पाहिल्यावर खरा प्रश्न राहतो तो शेजाराचा. घराआधी शेजारी पाहा, अशा अर्थाची अरबी म्हण आहे. शेजाऱ्याच्या हक्काविषयी पैगंबरांना इतक्या वेळा ताकीद आली की त्याला वारसाहक्कही मिळतो की काय असे त्यांना वाटले, असे हदीसमध्ये येते. तिथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. आपल्याच लोकांत राहिले म्हणजे धर्म सांभाळला, ही समजूत म्हणूनच तपासून पाहायला हवी. सांतिथामसारख्या गल्लीत सहरी आटोपून, फज्रची नमाज पढून खिडकी उघडावी, तर उजाडताना अनवाणी भिक्खू भिक्षापात्र घेऊन जाताना दिसतात. ते दुपारनंतर अन्न घेत नाहीत. उपवास म्हणजे काय, हे त्या गल्लीतल्या म्हातारीला समजावून सांगावे लागत नाही. तिच्या घरी इफ्तारची फळांची बशी गेली, तर रमजान मशिदीपासून दोन किलोमीटर दूर आला असे कोणी म्हणू नये.

याचा अर्थ तिथे सगळे गोडच आहे असा नाही. 2016 मध्ये चियांग माई प्रांतात हलाल उद्योग वसाहतीचा प्रस्ताव आला, तेव्हा बौद्ध गटांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत मागे पडला. संशय तिथेही आहे. पण संशय कमी होतो तो एकाच जिन्यावरून रोज वर-खाली केल्याने. वेगळ्या वस्त्या करून तो जिरत नाही, मुरतो. ज्यांची मुले लहान आहेत, घरात वृद्ध आहेत, भाषा अजिबात येत नाही, त्यांनी पहिले सहा महिने मशिदीच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर काढावेत. त्यात गैर काही नाही. मात्र भीतीपोटी तिथेच आयुष्य काढू नये.

चियांग माईतल्या या निवडीकडे महाराष्ट्रातल्या वाचकाने आणखी एका कारणासाठी पाहावे. नदी, धूर, स्वयंपाकघर, भाडे, मशिदीचे अंतर यांचा हिशेब मांडून घर ठरवणे, हे भाडेकरूचे स्वातंत्र्य आहे. आपल्याकडे कितीतरी मुस्लिम भाडेकरूंना हा हिशेब मांडायची संधीच मिळत नाही. फोनवर घर रिकामे असते, नाव सांगितले की ते ‘कालच गेले’ असते. कधी कारण मांसाहाराचे, कधी सोसायटीच्या नियमाचे. मग माणूस आपल्या मोहल्ल्यात परततो, आणि वर त्यालाच विचारले जाते की तुम्ही लोक एकत्रच का राहता? दुसरी बाजूही तितकीच खरी. मोहल्ल्यात रिकामी खोली असताना ‘आपल्यातला माणूस बघू’ म्हणणारा मुस्लिम घरमालकही त्याच भिंतीवर एक वीट चढवत असतो.

या महिन्यात इफ्तारची निमंत्रणे पुष्कळ निघतील, फोटो छापून येतील. ते चांगलेच आहे. पण एका संध्याकाळी एकत्र फळे खाणे सोपे, अकरा महिन्यांचा भाडेकरार करणे अवघड. ज्याच्या हातात रिकाम्या घराची किल्ली आहे, त्याने येणाऱ्याचे नाव ऐकून थांबू नये. भाडे वेळेवर देणार का आणि जिना स्वच्छ ठेवणार का, एवढे विचारावे. आणि ज्याला किल्ली मिळाली, त्याने पहिल्याच रमजानमध्ये समोरचे दार वाजवावे.