बारावी की बाइक?

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये जाऊन विचारा, "सतरा-अठराव्या वर्षी काय करत होतास?" उत्तर एकच मिळेल. क्लास, टेस्ट सिरीज आणि सीईटी! माउंटन बाइकिंगमध्ये नेमकी हीच दोन वर्षं 'ज्युनिअर' म्हणून धरतात. ज्या वर्षी तुमची सतरा किंवा अठरा वर्षं पूर्ण होतात, तेवढीच. नंतर गाडी सुटली!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या वयात कुणाला परदेशातल्या पहिल्या शर्यतीची संधी आली, तर घरच्यांनी आणि कॉलेजने त्याला जाऊ द्यावं. नंबर येवो वा न येवो.

खरं सांगायचं तर नंबर बहुधा येतच नाही. क्रॉस-कंट्री शर्यत म्हणजे चार-सहा किलोमीटरच्या खडकाळ, चढउताराच्या वाटेवरच्या फेऱ्या. ज्युनिअर गटात साधारण तास-सव्वा तासाचा खेळ. सुरुवातीला पुढची रांग मिळते ती आधी पॉइंट कमावलेल्यांना. नवखा मागे उभा. पुढे वाट एका सायकलीपुरती, ओव्हरटेक करणार कुठून? त्यात ऐंशी टक्क्यांचा नियम. पहिल्याने पहिली फेरी पंधरा मिनिटांत मारली आणि तुम्ही त्याच्यामागे बारा मिनिटं पडलात, की तुम्हाला बाहेर काढतात. वाटेत चेन तुटली तर स्वतः जोडा, नाहीतर ठरवून दिलेल्या जागेपर्यंत सायकल ढकलत न्या. म्हणजे आपलं वर्कशॉप प्रॅक्टिकलच, फक्त जर्नल नाही!

मग एवढा खर्च करून बाहेर पडायला जायचं का? हो, जायचं. खाशाबा जाधव आठवा. १९४८ साली लंडनला गेले. मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. सहावे आले. तेच खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले. लंडन झालं नसतं तर हेलसिंकी झालं असतं का? आणि हेलसिंकीच्या खर्चासाठी घर गहाण ठेवलं ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी. आमच्या सरांनी घर गहाण ठेवावं असं मी म्हणत नाही. आठ दिवसांची हजेरी दिली तरी पुरे!

आता आपल्याकडचं बघा. अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. नागपूरचे अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने. सलाम! पण तिघंही डॉक्टर आहेत. म्हणजे आधी डिग्री, मग सायकल. रस्त्यावरच्या लांब पल्ल्याला हे चालून जातं. ज्युनिअर गट मात्र तुमची डिग्री होईपर्यंत थांबत नाही.

मी चांदूर रेल्वेची. आमच्याकडे सायकलचा विषय काढला की कुणी तरी काका म्हणतातच, "सायकल चालवून कोनी कलेक्टर झालं काय वो?" नसेल झालं. पण याच जिल्ह्यातल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. तेव्हा बोटीने जावं लागे. आज विमान आहे, पण हिंमत कमी झालीय. वऱ्हाडात डोंगर कुठे, असंही विचारतात. अहो, चांदूरहून अमरावतीला येताना पोहरा-मालखेडच्या टेकड्या लागतात की! ते राखीव जंगल आहे, बिबटे आहेत, तिथे मनाला येईल तशी सायकल घालू नये हे मान्य. पण चार किलोमीटरच्या फेरीला गावाबाहेरची माळटेकडीही पुरते. फक्त पावसाळ्यात काळी माती चाक फिरू देत नाही, एवढंच.

पैशाचा मुद्दा खरा आहे. चांगली बाइक, तिकीट, व्हिसा सगळ्यांनाच झेपणार नाही. पण परदेशी संघ आपल्या दारातही येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळात पोनमुडीला झाली. केरळापर्यंत तर रेल्वेने जाता येतं. तेव्हा अडतं ते पैशाइतकंच परीक्षेपाशी. बोर्ड खेळाडूला वाढीव गुण देतं, पण गुण म्हणजे दिवस नव्हे. शर्यतीमुळे बुडालेला पेपर महिन्याभरात पुन्हा देता आला, तर कुणाचं काय बिघडणार आहे? सीईटी पुढच्या वर्षीही असते. अठरावं वर्ष नसतं.

आपण सगळे विशीत आलो, आपली ज्युनिअरची वेळ गेली. पण घरी धाकटी भावंडं आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने उद्या खोक्यात सायकल बांधली, तर "अभ्यासाचं काय?" विचारण्याआधी त्याला पेडल काढायला मदत करा. आणि शेवटचा नंबर घेऊन आला तरी स्टेशनवर घ्यायला जा!