कंबरदुखीवर व्हीआर? आधी मनातली भीती उतरवा

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या कंबरदुखीसाठी सध्या व्हीआर व्यायामाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरत आहेत. डोळ्यांवर मोठ्या चष्म्यासारखं यंत्र चढवायचं. मग समोर खेळ दिसतो आणि खेळता खेळता कंबर वाकते, वळते. निमगाव सावासारख्या गावातल्या माणसानेही हे यंत्र घ्यावं का?

यात तथ्य नाही, असं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘ईझव्हीआरएक्स’ या यंत्राला जुनाट कंबरदुखीसाठी परवानगी दिली. त्यात मुख्यतः श्वसन, लक्ष वळवणं आणि वेदनेकडे बघण्याची नवी सवय शिकवतात. १७९ जणांच्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर ६६ टक्के लोकांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक कमी झाली. पण ज्यांना यातलं काही न शिकवता नुसती दृश्यं दाखवली, त्यांच्यापैकीही ४१ टक्क्यांना तेवढा आराम पडला!

म्हणजे यंत्र मणका दुरुस्त करत नाही. ते भीती कमी करतं. लक्ष दुसरीकडे गेलं की माणूस न घाबरता हालचाल करतो.

मग ही भीती घातली कुणी? बऱ्याचदा आमच्याच व्यवसायाने. ‘मणक्यात गॅप पडलाय’, ‘गादी सरकलीय’, ‘आता आयुष्यभर वाकायचं नाही’. कांद्याची लागण आणि खुरपणी करणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे तिला अर्धं अपंग ठरवणं आहे. खरं तर कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांच्या एमआरआयमध्येही गादीची झीज दिसते. ते केस पिकण्यासारखं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं नेहमीच्या उपचारात नको, असं त्यात म्हटलं आहे. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं हवं. आपल्याकडे मात्र पट्टा लगेच मिळतो, समजावणं मिळत नाही.

‘शेतात दिवसभर वाकतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ असं अनेकजण विचारतात. शेतात एकाच अवस्थेत तासन्‌तास राहावं लागतं. व्यायामात हालचाल सगळ्या बाजूंनी, बेताने आणि हळूहळू वाढवत होते. सुरुवात चालण्याने करा: दहा मिनिटं, मग वीस, मग तीस. चालताना थोडं दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही. खुरपताना अर्ध्या तासाने उठून कंबर मागे ताणा.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, ताप आला, कारण नसताना वजन घटलं किंवा पडल्यावर दुखणं सुरू झालं, तर व्यायाम करत बसू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

खोडदची महादुर्बीण शेजारी असलेल्या आपल्या जुन्नर तालुक्याला नव्या तंत्रज्ञानाचं वावडं नाही. व्हीआर स्वस्त झालं तर जरूर यावं. पण ‘तुमची कंबर मजबूत आहे, हालचाल करा’ हे वाक्य सांगायला कुठलंही यंत्र लागत नाही. ते रुग्णाला आजच मिळालं पाहिजे. तुमचे डॉक्टर ते सांगत नसतील, तर तुम्ही विचारा.