आवाजाची मुखत्यारी
हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या एखाद्या खुल्या दालनात बिनतारी हेडफोनची बॅटरी संपते, संगणक आवाज परस्पर स्पीकरकडे वळवतो, आणि वरिष्ठाने एकट्याला दिलेली समज किंवा घरच्या आजारपणाचा निरोप चारचौघांत जाहीर होतो, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही. पूर्वी ३.५ मिलिमीटरची पिन खोबणीत शिरली, की आतली धातूची पट्टी सरकून स्पीकरचा मार्ग तोडी. पिन निसटली तर आवाज बाहेर फुटे, हे खरे, पण ते निदान हाताला कळे. आता ती मुखत्यारी आज्ञावलीकडे गेली आहे. मोबाइलवरचे गाणे अशा वेळी बहुधा थांबते. मग हेडफोनचा संबंध तुटताच आवाज बंद पडावा आणि स्पष्ट परवानगीवाचून स्पीकर सुरू होऊ नये, अशी तजवीज कचेरीतल्या प्रत्येक संगणकात सक्तीची का नसावी?