तण कशाला म्हणायचे, हे ठरवते कोण?

अकलूजच्या बाजारात मेथी, पालक, शेपू केव्हाही मिळते. तांदुळजा, घोळ, पाथरी मात्र शोधावी लागते. खरे तर या भाज्या विकत घ्यायच्या नव्हत्याच. खुरपायला गेलेली बाई तण काढता काढता त्या ओट्यात खुडून आणायची. मजुरी मालक द्यायचा, कालवण रान द्यायचे.

पर्यावरणाच्या शिबिरांत आपण वाघावर आणि माळढोकावर बोलतो. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोकाचे अभयारण्य आहे, ते हवेच. पण बाईच्या ओट्यातली जैवविविधता कोणत्या शिबिरात येते?

नीरेच्या पट्ट्यात उसाला लागून ऊस, आणि त्यातला बराचसा को ८६०३२ या एकाच वाणाचा. गंमत म्हणजे या वाणाचे नावही ‘नीरा’. मैलोन्‌मैल एकच पीक म्हणजे किडीला वाढून ठेवलेले ताट. २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर पांढरा लोकरी मावा आला, तेव्हा नुसत्या फवारण्यांनी भागले नाही. डिफा आणि मायक्रोमस हे मावा खाणारे कीटक उपयोगी पडले. कोण कोणाला खाऊन जगतो, ही साखळी तोडली की बिल शेतकऱ्याच्या घरी येते.

बाईच्या घरी ते आधीच आलेले असते. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात. ते रुंद पानांची झाडे मारते. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून वाचतो. तांदुळजा, पाथरी, घोळ या सगळ्या शास्त्राच्या हिशेबाने रुंद पानांच्याच, घोळीचे पान नखाएवढे असले तरी. एका फवारणीत खुरपणीचा रोजगार गेला आणि भाजीही गेली. खुरपणीने कंबर मोडते, ती तशीच चालू राहावी असे मी म्हणत नाही. पण ती बंद करताना बाईला विचारले कोणी?

विचारण्याची सोय कायद्यात आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमायची, आणि कायद्याखालच्या नियमांनुसार तिच्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया घ्यायच्या आणि गावकऱ्यांना विचारून लोकजैवविविधता नोंदवही करायची. एका गावात मी ती नोंदवही पाहायला मागितली. कपाटातून निघाली, कोरी करकरीत. भाज्यांच्या पानावर कोबी, फ्लॉवर, टोमॅटो! समितीतल्या एका ताईंना भेटले, तर आपण सदस्य आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हते. “सही घेतली होती बाई, कशाची ते कोण सांगतंय?” याच ताईंनी पुढच्या अर्ध्या तासात मला बांधावरच्या अकरा भाज्या नावानिशी सांगितल्या, कोणती कोवळी खायची, कोणती बाळंतिणीला द्यायची, सगळे. नोंदवहीत त्यातली एकही नाही.

बायकांची नावे भरून एक तृतीयांशाचा आकडा पुरा करायचा आणि त्यांचे ज्ञान दाराबाहेर ठेवायचे, ही फसवणूक आहे. आपल्या गावची नोंदवही येत्या ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. अकलूजला आता नगरपरिषद आहे, तिलाही हा कायदा लागू आहे. भाज्यांचे पान आले की थांबवा, आणि खुरपायला जाणाऱ्या बायकांना पुढे बसवून ते पान त्यांच्याकडून नव्याने लिहून घ्या. त्यांचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, हेही त्याच सभेत विचारा.